राउटरवर तुळशीचं पान

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "तुझ्या घरचं ऐकलं की आम्हाला आमची घरं बरी वाटायला लागतात." मी म्हणते, अगं, मी काही किस्से गोळा करत फिरत नाही. कूलरच्या टाकीत तळाशी गाळ बसतो ना, तसे ते बसतात. उन्हाळा संपून टाकी उलटी केली की कळतं, किती साठलं होतं ते! आणि मागच्या वर्षभरात आमच्या घरात जे काही साठलं, ते सगळं एकाच गोष्टीपायी. रेडिएशन!

घर आमचं वर्ध्याजवळच्या मोठी आंजी या गावातलं. मी वर्ध्याला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आणि आता गावातच मुलांच्या शिकवण्या घेते. घरात आई, बाबा, दादा, शीतलवहिनी आणि बाबांचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो, वहिनी मोठे मामाजी. शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. शाळा सुटली, हेडमास्तरकी सुटली नाही. ते एकदा बोलले की घरात विषय संपतो. बाबा शेतात असतात, आणि घरी असले तरी मोठ्या भावापुढे तोंड उघडत नाहीत. दादा पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत कामाला जातो. तिथे फोन गेटवरच जमा करावा लागतो, म्हणजे दिवसभर तो आम्हाला नसल्यासारखाच.

वहिनी आष्टीकडची, गोंड घरातली. तिची आणि दादाची ओळख वर्ध्याच्या आयटीआयमध्ये झाली. लग्न आमच्या घराने स्वीकारलं. तिची भाषा मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. ती तिच्या आईशी फोनवर गोंडीत बोलायला लागली की मोठे बाबा पेपर खाली करून बघायचे आणि म्हणायचे, "घरात मराठी बोलावं."

मागच्या वर्षी वहिनीचं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. सकाळी ती पोटात दुखतं म्हणाली. आईने ओवा दिला. मोठे बाबा म्हणाले, "बायकायले असं होतेच." दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, नक्की कारण सांगता येत नाही; पण पुढच्या वेळी वाट बघत बसू नका, लवकर या, सोनोग्राफी वेळेवर करा.

यंदा वहिनीला पुन्हा दिवस गेले. तिला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. वेळेवर तपासणी, आणि आईचा आवाज. आमच्या घराने दोन्ही गोष्टी रेडिएशनच्या नावाखाली अडवल्या.

*

मोबाईलमुळे पोटातलं बाळ जातं, हे मोठ्या बाबांना कुठून कळलं? मोबाईलवरून!

ओसरीवर खुर्ची टाकून ते व्हिडिओ बघत होते. आवाज एवढा मोठा की समोरच्या घरालाही फुकटात ज्ञान मिळालं. पांढरा कोट घातलेला कोणीतरी माणूस सांगत होता, फोनमधून निघणारी किरणं बाळाला आतून भाजतात. व्हिडिओ संपला. मोठ्या बाबांनी तो पहिल्यापासून पुन्हा पाहिला. मग गावाच्या, नातेवाइकांच्या, रिटायर्ड शिक्षकांच्या, होत्या नव्हत्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. मग आईला हाक मारली.

"सापडलं! मागच्या वेळी काऊन गेलं पोट्टं, ते सापडलं मले!"

आई हातातलं काम टाकून आली. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि किती महिन्यांनी तिचा चेहरा सैल पडलेला मी पाहिला. आता त्या ओव्याबद्दल तिला कोणी विचारणार नव्हतं!

वहिनीला बोलावलं गेलं. "शीतल, मोबाईल आण तुहा."

वहिनीने आणून दिला, मोठ्या बाबांनी तो कपाटात ठेवला. मीच बोलले. माझ्याच्याने राहवतच नाही.

"मोठे बाबा, मग तुमचाही ठेवा ना कपाटात. तुम्ही तं तिच्या बाजूलेच बसून राहता दिवसभर."

"माह्यावर बातम्या येतेत, मयुरी."

"बातम्यायतून किरणं नाई निघत काय?"

मोठ्या बाबांनी विचार केला. खरोखर केला, वर आढ्याकडे बघून. मग म्हणाले, "चांगल्या कामाले वापरला तं कमी निघतेत."

*

मोबाईल झाला, पण राउटरचं काय? ऑनलाइन शिकवण्यांसाठी मी तो घेतला होता. मधल्या खोलीत फळीवर असतो. त्यावर हिरवे दिवे लुकलुकतात, आणि ते दिवे बघूनच आई घाबरायची. रेडिएशन दिसत नाही, दिवे दिसतात.

मी समजावलं. म्हटलं, आई, हे चुलीजवळ बसण्यासारखं आहे. अगदी चिकटून बसलीस तर आच लागेल, उठून दाराशी गेलीस तर लागणार नाही. अंतर वाढलं की भराभर कमी होतं. एक्स-रेची किरणं वेगळी, ही वेगळी. फोनच्या या किरणांनी बाळ जातं, असं अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. तरी मनात भीती असेल तर साध्या गोष्टी आहेत. फोन उशाशी घेऊन झोपू नका, रेंज कमी असताना लांबलचक बोलू नका, बोलताना स्पीकर लावा, राउटर झोपायच्या खोलीत ठेवू नका. झालं!

आईने सगळं नीट ऐकलं. मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर राउटरवर तुळशीचं पान!

"हे काय आहे?"

"ग्रहणात नाई ठेवत काय आपण, पाण्यावर, दुधावर? तसंच. किरणंच तं हायेत."

आणि मग ग्रहणाचे सगळे नियम आले. ग्रहणात गरोदर बाईने विळीला हात लावायचा नाही, चिरायचं नाही, सुई-दोरा धरायचा नाही, खिडकीत उभं राहायचं नाही. राउटर चालू असेपर्यंत वहिनीला हे सगळं बंद. राउटर बंद करायचा म्हटलं तर मोठ्या बाबांच्या बातम्या थांबतात. म्हणजे आमच्या घराला लागलेलं ग्रहण सुटणारच नव्हतं.

मी चिडून आदळआपट करत कांदे चिरायला बसले. वहिनी दारात बसली होती, पोटावर हात ठेवून. बऱ्याच दिवसांनी मला तिचं हसू ऐकू आलं.

"ताई, राहू द्या ना. सासरी आल्यापासून पहिल्यांदा कोणतंतरी ग्रहण मले फायद्याचं पडून राह्यलं!"

*

नंतर शेण आलं.

शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की शेण रेडिएशन शोषून घेतं. मोठ्या बाबांनी गोवरीचा एक चपटा तुकडा आपल्या फोनच्या मापाने तासला आणि रबराने मागे बांधला. तेवढ्यावर समाधान होईना म्हणून ताज्या शेणाने कडा लिंपल्या. हेडमास्तरांचं काम नीट असतं. फोन लिंपलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला.

चार दिवसांत तो बंद पडला. वर्ध्याला दुरुस्तीला घेऊन जायची पाळी अर्थातच माझ्यावर आली. दुकानातल्या पोराने फोन उघडला, वास घेतला आणि मान वर केली.

"मॅडम, पाण्यात पडला काय?"

"नाही."

"मग?"

"पडला नाही. लावलंय."

"काय लावलंय?"

मी सांगितलं. तो आतल्या माणसाला ओरडून म्हणाला, "भाऊ, जुना ब्रश आण! नवा नको!"

घरी येऊन मी मोठ्या बाबांना स्पष्ट सांगितलं की चार्जिंगच्या भोकात शेण जाऊन वाळलं, म्हणून फोन बंद पडला. त्यांनी फोन हातात घेतला, उलटसुलट केला, आणि आईकडे बघून समाधानाने म्हणाले, "पाह्यलं? एवढं रेडिएशन ओढून घेतलं शेणानं, की फोनात काई उरलंच नाई!"

*

हा पुढचा किस्सा मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसायच्या थांबतात.

वहिनीचा मोबाईल मोठ्या बाबांनी कपाटातून काढून गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवला होता, झाकण घट्ट लावून. किरणं बाहेर पडू नयेत म्हणून. किरणं बाहेर पडत नव्हती हे खरंच. आतही जात नव्हती! वहिनीची आई तिकडून फोन लावायची आणि फोन लागायचाच नाही. दादाला लावायची तर त्याचा गेटवर; त्या आठवड्यात तो जादा पाळी करून रात्री उशिराच घरी यायचा. मी त्या आठवड्यात परीक्षेसाठी नागपूरला. वहिनीने एकदा विचारलं, "आईले एक फोन लावू काय?" तर मोठे बाबा म्हणाले, "काई अडचण असन तं तेच लावतीन ना."

मी परत आले त्याच दिवशी दुपारी दारात एक बाई उभी. पायात धुळीने भरलेल्या चपला, हातात पिशवी, उन्हाने काळवंडलेला चेहरा. बस बदलत बदलत एकटी आली होती. आमच्या घरी ती लग्नानंतर आलीच नव्हती. मी ओळखायच्या आत वहिनी आतून धावत आली. त्या बाईने वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आधी पोटाकडे पाहिलं. तिथे हात ठेवला. मग दारातच मटकन खाली बसली.

वहिनी तिच्याजवळ बसली आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून तशाच राहिल्या. मागच्या वेळीही असंच झालं होतं. फोन लागत नव्हता, आणि लागला तेव्हा बाळ गेल्याचं कळलं होतं. बिचारी पूर्ण रस्ताभर तेच मनात धरून आली होती.

आईने पाणी आणलं. बाबा खाली मान घालून गोठ्याकडे निघून गेले. मोठे बाबा खोलीतून चष्मा पुसत बाहेर आले, त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले,

"अवं विहीणबाई! यायच्या आधी फोन तं करा लागते ना!"

*

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीची पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. मोठ्या बाबांनी मान हलवली. नाही.

"पोटावर किरणं सोडतेत ते. मागच्या वेळी एवढ्या वेळा काढली, काय झालं शेवटी?"

मी म्हटलं, "किरणं नाईत! आवाज असते तो. माणसाच्या कानाले ऐकू न येणारा आवाज."

"आवाजानं फोटो निघते काय?"

आता हे कोण बोलत होतं, तर गुडघ्याचे दरवर्षी एक्स-रे काढणारा माणूस! खरी किरणं ती. आणि त्या एक्स-रेच्या काळ्या फिल्म त्यांनी पलंगाखाली जपून ठेवल्या आहेत. कशासाठी? सूर्यग्रहण बघायला! मी हे बोलून दाखवलं. आईने डोळे वटारले. मोठे बाबा म्हणाले, "गुडघ्यात पोट्टं नाई वाढून राह्यलं माह्या."

मग मी दुसरा मार्ग धरला. मी चौथीत असताना मोठे बाबा आम्हा सगळ्यांना शाळेमागच्या विहिरीवर घेऊन गेले होते. एकेकाला विहिरीत हाक मारायला लावली. हाक परत आली. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, आवाज जाऊन आदळतो आणि परत येतो, किती वेळाने येतो त्यावरून तळ किती खोल ते कळतं. मी फिजिक्सकडे गेले ती त्या विहिरीपासून. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं.

"तुम्हीच शिकवलं ना मले? सोनोग्राफी म्हणजे तेच. हाक मारतेत, आणि परत आली की त्याचं चित्र काढतेत."

मोठ्या बाबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं, जिंकले! त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

"विहीर वेगळी, पोट वेगळं," ते म्हणाले आणि उठले.

तेव्हा वहिनी बोलली. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोक्यावर पदर. आवाज चढवला नाही तिने.

"मोठे मामाजी, मागच्या वेळी मी सांगतलं, दुखून राह्यलं. कोणी पाह्यलं नाई. या वेळी मी पाहीन. तुम्ही जाऊ नाई दिलं तं मी आईकडे जाईन आणि तिकून जाईन. पण जाईन."

ज्या बाबांनी आयुष्यात मोठ्या भावाला उलट उत्तर दिलं नाही, त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "मी ऑटोवाल्याले सांगून येतो त्या दिवशी सकाळचं."

*

मोठ्या बाबांनी जायला हो म्हटलं, पण हेडमास्तर अटीशिवाय हो म्हणत नाहीत. अट अशी: सोनोग्राफी करा, पण बाळंत होईपर्यंत फोन कानाला लावायचा नाही.

मी ती अट लगेच पकडली. म्हटलं, कानाला नाही लावणार. पण म्हणजे दुरून बोललेलं चालेल ना? स्पीकरवर? मोकळ्या हवेत, अंगणात? मी तर हे पहिल्यापासून सांगतेय! तुमच्या ग्रुपवरचा तो कोटवाला माणूसही हेच सांगेल. मोठ्या बाबांना नाही म्हणता येईना. कोठीतून फोन निघाला, गव्हाची धूळ झाडली गेली.

मोठ्या बाबांनी अंगणात चुन्याची रेघ मारली. कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी, दोरी धरून सरळ. रेघेच्या पलीकडे स्टूल, स्टुलावर फोन. अलीकडे वहिनी. रेघ ओलांडायची नाही. वहिनीने शब्द दिला आणि पाळला. रोज संध्याकाळी मी नंबर लावून द्यायचे, आणि ती रेघेशी उभी राहून शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी आईशी बोलायची. गोंडीत! सगळ्या अंगणात, सगळ्या आळीत ऐकू जाईल अशी गोंडी. शेजारच्या काकू कुंपणावरून बघायच्या.

मोठे बाबा खुर्ची टाकून बसायचे. राखणीला. त्यांचं म्हणणं, अंतरावर लक्ष ठेवायचं. घरात मराठी बोलावं हे त्यांना म्हणता येईना, कारण हे घर नव्हतं, अंगण होतं. आणि ती स्पीकरची सोय मीच सुचवलेली, तीही शास्त्र सांगून.

एकदा दोघी मायलेकी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की वहिनीला रेघेवरच खाली बसावं लागलं. फोनमधूनही हसण्याचा खरखर आवाज येत होता. मोठे बाबा आधी पेपरमागे होते. मग पेपर खाली आला.

"काय म्हणे वो आई?"

वहिनीने डोळे पुसले. पदर सावरला.

"काई नाई, मोठे मामाजी. तुमची तब्येत विचारून राह्यली."

*

सोनोग्राफीला मी आणि वहिनी गेलो. बाबांनी सांगितलेली ऑटो वेळेवर आली. रस्ताभर वहिनीने माझा हात सोडला नाही. दवाखान्यात रांग होती. नंबर आला तेव्हा ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

ती बाहेर आली. डॉक्टरबाई मागून आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे. बाळ छान हलतंय. ठोके चांगले आहेत. पुढच्या महिन्यात या."

वहिनी रडली नाही, हसली नाही. फक्त म्हणाली, "आईले सांगा लागते."

मी तिथूनच माझ्या फोनवरून लावला. रेंज नव्हती तिकडे. पुन्हा लावला. नाहीच. त्यांचं गाव जंगलाला लागून, दुपारी आई रानात असते. वहिनी म्हणाली, "घरी जाऊन लावू. आई संध्याकाळी वाटच पाहत राह्यते."

आम्ही पोचलो तेव्हा दादा सोडून घरातले सगळे अंगणात होते. आई तुळशीपाशी, बाबा कुंपणाशी, मोठे बाबा त्यांच्या खुर्चीत. मी लांबूनच ओरडले, "चांगलं हाये! सगळं चांगलं हाये!" आईने तुळशीला हात जोडले. मोठ्या बाबांनी पेपरची घडी घालून मांडीवर ठेवली.

वहिनी चप्पलही न काढता सरळ रेघेशी जाऊन उभी राहिली. मी फोन स्टुलावर ठेवला, नंबर लावला, स्पीकर चालू केला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. तिकडून हाक आली, "शीतल?"

वहिनीने सांगायला तोंड उघडलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं त्या एका हाकेने वर आलं. ती रडायला लागली. खांदे हलवत, तोंडावर पदर धरून.

"शीतल? शीतल?"

आणि मग तिकडून एक आवाज आला. मला गोंडी येत नाही, आमच्या घरात कोणालाच येत नाही. पण त्या आवाजाला भाषा लागत नव्हती. त्या बाईने लेकीचं रडणं ऐकलं होतं आणि तिने गृहीतच धरलं होतं की याही वेळी गेलं. ती आक्रोश करत होती. मधे मधे रेंज तुटायची, आवाज अर्धा यायचा, पुन्हा यायचा.

वहिनी ओरडून सांगायला लागली. नाही, नाही, ऐक! पण फोन दूर, तिचा आवाज रडण्याने चिरकलेला, तिकडे पोचतच नव्हता. वहिनीने खाली रेघेकडे पाहिलं. पायाची बोटं रेघेला टेकलेली. तिने शब्द दिला होता. ती जागची हलली नाही. वाकून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत राहिली.

मी धावले. पण माझ्या आधी मोठे बाबा तिथे पोचले होते. अनवाणी. त्यांची खुर्ची मागे उलटली होती आणि त्यांच्या पायाने रेघेचा चुना फासला गेला होता. त्यांनी स्टुलावरचा फोन उचलला आणि तोंडाशी धरून, सगळी शाळा प्रार्थनेला उभी आहे अशा आवाजात ओरडले,

"विहीणबाई! ओ विहीणबाई! मी बोलून राह्यलो! पोट्टं चांगलं हाये! हालून राह्यलं! ठोके चालू हायेत त्याचे!"

तिकडचं रडणं थांबेना.

"ऐका ना वो! चांगलं हाये म्हणतो मी!"

थांबेना. मोठे बाबा फोनकडे बघत उभे राहिले. मग ते आमच्याकडे वळले.

"माह्यं खरं नाई वाटून राह्यलं तिले," ते म्हणाले.

ते वहिनीजवळ आले. तिच्या डोक्यावरचा पदर एका हाताने जरा मागे सारला आणि दुसऱ्या हाताने फोन तिच्या कानाला लावला. चांगला घट्ट दाबून धरला.

"सांग, बेटा," ते म्हणाले. "तुह्या भाषेत सांग."